धानाच्या घरचे झिंगे

१९८३ च्या नोव्हेंबरात गडचिरोलीच्या टेलिफोन एक्सचेंजच्या सुपरवायझर बाईंनी बढती सोडून परत जाण्याचा आपला अर्ज मागे घेतला. अर्ज मंजूर झालेला होता आणि तसा आदेश त्यांच्या टेबलावर येऊन पडला होता. तो त्यांनी वर परत पाठवला. कारण म्हणून एवढंच लिहिलं, 'वडिलांच्या जेवणाची सोय झाली.'

जिल्हा तेव्हा नवा होता. चंद्रपूरपासून वेगळा काढल्यावर त्याला कचेऱ्या मिळाल्या होत्या, इमारती अजून मिळायच्या होत्या. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं बदलून येत आणि सामान सोडण्याआधी परत जाण्याचा अर्ज लिहायला घेत. बाई त्यांतल्या नव्हत्या. त्या वेंगुर्ल्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावच्या. ऑपरेटर म्हणून वीसेक वर्षं त्यांनी रत्नागिरीच्या बोर्डावर काढली होती. लग्न केलं नव्हतं. सुपरवायझरची खुर्ची मिळाली ती गडचिरोलीत, आणि ती सोडण्याची त्यांची अजिबात इच्छा नव्हती. "इतकी वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली," त्या म्हणत, "आता मी बोलणार आणि बाकीचे ऐकणार."

मी नागपूरच्या एका दैनिकाचा जिल्हा बातमीदार होतो. बातमी सांगण्यासाठी रोज संध्याकाळी ट्रंक कॉल लावावा लागे आणि लाइन मिळेपर्यंत एक्सचेंजच्या बाकावर बसावं लागे. बाईंविषयी मला जे माहीत आहे, ते बहुतेक त्या बाकावरून पाहिलेलं आहे. उरलेलं एक्सचेंजच्या लाइनमनने सांगितलं. त्यातलं जेवढं पडताळता आलं, तेवढंच इथे घेतलं आहे.

ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन 'वाढवायची?' असं विचारत असे. बाईंना ही सवय इतकी लागली होती की बोर्डापासून दूरही त्या बोलणं मोजत. भाजीवाला जास्त बोलला की, "तीन मिनिटं झाली. वाढवायची?" बँकेच्या मॅनेजरने नव्या योजनेची माहिती द्यायला सुरुवात केली की तेच. एकदा एका पुढाऱ्याचं भाषण ऐकायला त्या मैदानात गेल्या होत्या. ठरल्या वेळी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, शेजारच्या बाईला "ह्यांना कोणी विचारणार नाही का?" असं म्हणाल्या आणि उठून घरी आल्या.

माणसं त्या माशासारखी पारखत. नव्या ऑपरेटर मुलीची मुलाखत झाली तेव्हा मी बाकावरच होतो. बाईंनी तिला शिक्षण विचारलं नाही. तिच्याकडे नीट पाहिलं आणि हेडक्लार्कला सांगितलं, "घ्या हिला. डोळे स्वच्छ आहेत." नागपूरहून आलेल्या एका कंत्राटदाराबद्दल त्यांचं मत होतं, "वरून चकाकतोय. कल्ले उचलून बघायला हवेत." तो कंत्राटदार पुढे खांबांचं काम अर्धवट टाकून गेला.

त्यांच्याबरोबर वडील आले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. बंदरावरच्या कस्टम चौकीत त्यांनी नोकरी केली होती. म्हणजे होड्या किनाऱ्याला लागताना पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता. गावच्या घरी दुसरं कोणी उरलं नव्हतं आणि एका डोळ्याने दिसणं कमी झालं होतं. बाईंनी त्यांना एकटं ठेवलं नाही, बरोबर आणलं. आबांनी सोबत चिनी मातीची एक मोठी बरणी आणली. तिच्यात खारे बांगडे होते. घरात पाऊल ठेवल्यावर बरणी फळीवर ठेवत त्यांनी जाहीर केलं, "ही बरणी संपली की मी चललंय."

ही धमकी नव्हती. आबांना मासा लागे आणि मासा म्हणजे समुद्राचा. गडचिरोलीला समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. बरणी संपली की आबा त्या रिकाम्या घरी एकटे जाणार, आणि ते एकटे गेले तर बाईंना खुर्ची सोडून त्यांच्यामागे जावं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून एप्रिलमध्येच बाईंनी परत खालच्या पदावर जाण्याचा अर्ज करून ठेवला. मंजुरीला वेळ लागतो, हा हिशेब त्यामागे होता. तोवर इथे चांगला मासा शोधायचा. सापडला तर अर्ज मागे.

शोध बाजारातून सुरू झाला. आठवडी बाजारात धीवर समाजाच्या बाया टोपल्या घेऊन बसत. बाई एकेका माशाचा कल्ला उचलून पाहत, पोट दाबून पाहत, डोळ्याशी डोळा लावत आणि पुढच्या टोपलीकडे जात. एक उंच, काळीसावळी धीवरीण त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होती. शेवटी ती म्हणाली, "काऊन बाई, मासा घेऊन राह्यल्या का सोयरीक पाहून राह्यल्या?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. बाईंनी मासा खाली ठेवला. "सोयरीक असती तर एवढं बघितलं नसतं," त्या म्हणाल्या.

"मंग घ्या न मरळ. कालचीच हाये."

"कालची आहे म्हणूनच नको."

तरी त्यांनी मरळ घेतली. नंतर रोहू घेतला, वाम घेतली. कोकम घालून केलं, चिंच घालून केलं, हळद-मीठ लावून तळून पाहिलं. आबा ताटावर बसत, एक घास घेत आणि भाताची स्तुती करत. "भात बरो आसा." या वाक्याचा अर्थ बाईंना माहीत होता. एकदा बाईंनी फारच आग्रह केला, तेव्हा त्यांनी खुलासा केला. "ह्यो मासो नाय गो. चिखल आसा. शिजवलेलो चिखल." मग ते उठले आणि बरणीतून एक बांगडा काढून निखाऱ्यावर भाजायला बसले.

बाजारातले सगळे मासे करून झाले तेव्हा बाईंनी बोर्ड हाताशी घेतला. दुपारी लाइनवर गर्दी कमी असे. त्या वेळी त्या एकेका एक्सचेंजला उठवत आणि विचारत, "आज तुमच्याकडे जाळ्यात काय लागलं?" वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, अहेरी. ऑपरेटर आधी बुजले, मग त्यांना चटक लागली. आरमोरीच्या ऑपरेटरने मासा खाणं कधीच सोडलं होतं, पण बाईंना सांगता यावं म्हणून तो तळ्यावर चक्कर मारून येऊ लागला. बाईंना जिल्ह्यातली गावं अशीच लक्षात राहत. वडसा म्हणजे शिंगाडा मासा, अहेरी म्हणजे वाम. मी भामरागडच्या पुराची बातमी सांगायला आलो की त्या विचारत, "पाणी उतरल्यावर काय मिळतं तिथे?"

सिरोंचाचा ऑपरेटर तेलुगू बोलणारा होता. गोदावरी त्याच्या दारातून वाहत होती. एका दुपारी तो लाइनवर ओरडलाच. ते मी ऐकलं, कारण बाईंनी हेडसेट कानापासून दूर धरला होता.

"मॅडम, रोय्यलु! झिंगे! इतके मोठे हाये!"

"केवढे?"

"अरे, इतके, मॅडम!"

"मला तुमचा हात दिसत नाही. नीट सांगा."

मग तो म्हणाला, "रिसीव्हर हाये ना तुमच्या हातात? तेवढे."

बाईंनी समोरचा रिसीव्हर उचलला आणि दोन्ही बाजूंनी पाहिला. आबांच्या भाषेत याला सुंगटं म्हणतात आणि ती त्यांच्या ताटातली पहिल्या मानाची गोष्ट होती. सिरोंचाहून एक बस गडचिरोलीला येत असे. कंडक्टरला गळ घातली गेली. झिंगे ओल्या पोत्यात, पळसाच्या पानांत गुंडाळून, टोपलीत घालून निघाले. महिना मे होता. वाटेत बस बिघडली आणि रात्रभर जंगलातच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी उशिरा कंडक्टर एक्सचेंजमध्ये आला तेव्हा त्याच्या हातात फक्त टोपली होती.

"झिंगे?" बाईंनी विचारलं.

"फेकले बाई. आलापल्लीच्या इकडे. सवाऱ्या म्हनल्या, एक त झिंगे उतरव नाई त तू उतर." त्याने टोपली पुढे केली. "वास हाये अजून. घ्या."

बाईंनी टोपली घेतली आणि घरी नेली. आबांनी ती नाकाशी धरली. डोळे मिटले. मग म्हणाले, "कुजलेलो आसा." आणि थोड्या वेळाने, "पण चांगलो कुजलेलो आसा." त्या दिवशी ती टोपली त्यांनी बाहेर टाकू दिली नाही. घरमालकाने बाईंना बोलावून घेतलं, तेव्हा कुठे ती गेली.

लाइनमन तिथलाच होता, आरमोरीकडच्या एका बौद्ध कुटुंबातला. घरी थोडी धानाची शेती होती. बोलणं संथ आणि तिरकं. टोपलीची हकीकत ऐकल्यावर तो बाईंना म्हणाला, "सिरोंच्याले कायले जाता बाई? तेच पानी हाये. आपल्या वैनगंगेचंच पानी खाली जाते, त्याच पान्यानं झिंगा वर येते. आमच्या लहानपनी आमी खाल्ला हाये."

"मग बाजारात का नाही?"

"ते बजारात नाई येत. ते धानाच्या घरी जाते."

जूनच्या सुरुवातीला, नांगरण्या चालू असताना, लाइनमन बाईंना सायकलवर मागे बसवून नदीकाठच्या धीवरांच्या वस्तीवर घेऊन गेला. मीही गेलो होतो. जाळी वाळत होती. एका ओट्यावर बाजारातली तीच उंच धीवरीण बसली होती. बाईंना पाहून ती म्हणाली, "या. सोयरीक जमली नाई वाटते अजून."

बाईंनी सरळ मुद्द्याला हात घातला. झिंगे हवेत, म्हातारा बाप आहे, काय भाव असेल तो देते.

"भावाचं मासं बजारात भेटते," धीवरीण म्हणाली. "झिंगे भावाचे नाई. ते घराचे."

मग तिने सांगितलं ते असं. नदीकाठच्या धीवरांची काही शेतकऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असत. धान निघालं की ते घर खळ्यावर धीवरणीला तिचा वाटा देत असे, आणि वर्षभर नदीत जे चांगलं लागेल ते धीवरीण त्या घरी पोचवत असे. धान कमी आलं तर वाटा कमी, नदी रुसली तर मासा कमी. कोणी कोणाला बोल लावायचा नाही. त्या घरांना पुरून उरलेलं बाजारात जाई. झिंगे कधी उरत नसत.

"मी धान विकत आणून देते," बाई म्हणाल्या. "पोतंभर."

धीवरीण हसली. "इकतचं धान त मीबी आनतो बाई. तुमचा पगार पानी पडो का नाई पडो, येतेच न? त्या घरवाल्याले आमच्यावानीच वरतं पाहा लागते. तुमाले कुठी पाहा लागते?"

बाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं आणि त्या सायकलकडे निघाल्या. गाव जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "एक्सचेंजच्या मागे जे पाणी साचतं, ती जागा आपलीच ना?"

"आपली म्हंजे सरकारची," लाइनमन म्हणाला.

"तेच ते."

एक्सचेंजची इमारत भाड्याची नव्हती. खात्याची जागा होती आणि मागच्या बाजूला खोलगट तुकडा पडीक होता. पावसात तिथे गुडघाभर पाणी आणि बेडूक. बाईंनी लाइनमनच्या घरून बियाणं आणवलं, कोपऱ्यात रोप टाकलं आणि जुलैत, मधल्या सुट्टीत, पदर खोचून लावणीला उतरल्या. कोकणात त्या धान लावूनच मोठ्या झाल्या होत्या. पण कोकणची पद्धत आणि इथल्या झाडीपट्टीची पद्धत एक नव्हे. आबा खुर्ची टाकून बांधावर बसले आणि वाद सुरू झाला.

"अंतर बघ, अंतर! तरवो असो दाटीन लावतत?"

"आबाजी, इथी असंच रोवतेत," लाइनमन चिखलातून म्हणाला.

"म्हणान तुमचो मासोय तसोच लागता."

"मासा कोनी रोवला का, आबाजी?"

दोघे पूर्ण लावणीभर असे भांडले. लाइनमन दुसऱ्या दिवशी आला नाही तेव्हा आबांनी दोनदा विचारलं, "तो खय गेलो?" शेवटी अर्धा तुकडा कोकणी पद्धतीने लागला आणि अर्धा झाडीच्या. कोणता अर्धा चांगला यावर संध्याकाळी बाकावर मतदान झालं. मी तटस्थ राहिलो.

त्यानंतर आबांचा दिवस बदलला. सकाळी चहा घेऊन ते एक्सचेंजमागे येत. ढग आले की वर पाहत, गेले की वर पाहत. श्रावणात पावसाने ओढ दिली तेव्हा त्यांची झोप उडाली. बाईंनी ऑपरेटर मुलींना विहिरीवरून एकेक घागर ओतायला लावली. आबा बगळे हाकलत, चिमण्या हाकलत, गायी हाकलत. लाइनमन म्हणायचा, "बाई, तुमचा बाप बुजगावन्याहून चांगला हाये. आन् पगार बी नाई." बरणीकडे जायला आबांना पूर्वीइतका वेळ मिळत नव्हता. तरी ती कमी होत होती. दसऱ्याच्या सुमारास तळ दिसू लागला.

सप्टेंबरच्या अखेरीस वरचे इंजिनिअर साहेब तपासणीला आले. त्यांनी बोर्ड पाहिला, बॅटऱ्या पाहिल्या आणि मागचं दार उघडलं. समोर पोटऱ्यांत आलेलं हिरवं धान होतं आणि मधोमध खुर्चीवर आबा.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"धान," बाई म्हणाल्या.

"सरकारी जागेत?"

"पाणी साचतच होतं, साहेब. रिकामंच साचत होतं."

साहेब तापले. खात्याची जागा, नियम, परवानगी, कारवाई असं बरंच बोलले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पुढचं वाक्य आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या काही म्हणायच्या आत लाइनमन पुढे झाला.

"साहेब, अर्थिंग पाहून घ्या ना येक डाव."

एक्सचेंजची अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली तार. जमीन ओली राहिली तर ती चांगलं काम करते. कोरडी पडली की लाइनवर खरखर होते, म्हणून उन्हाळ्यात तिथे पाणी ओतावं लागतं. ती तार नेमकी त्या तुकड्यात होती. साहेबांनी मीटर मागवला, स्वतः वाकून माप घेतलं, परत घेतलं. मीटर थोपटून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की इतकं चांगलं माप त्यांनी या भागात पाहिलं नव्हतं. तपासणीच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'अर्थिंग उत्तम. सभोवती हिरवळ राखली आहे.' जीपमध्ये बसताना त्यांनी आबांना विचारलं, "कोणतं वाण?"

"अर्धा ह्येंचा, अर्धा आमचा," आबा म्हणाले.

ऑक्टोबरात बाईंच्या अर्जाला मंजुरी आली. रत्नागिरी, ऑपरेटर, मूळ पद. नोव्हेंबर संपेपर्यंत रुजू व्हायचं होतं. बाईंनी आदेश टेबलाच्या काचेखाली सरकवला. बरणीत तेव्हा मोजकेच बांगडे होते. आबा धान कापणीला कधी येईल एवढंच विचारत.

दिवाळीच्या तोंडावर अवेळी पाऊस आला आणि उभं धान आडवं झालं. वाऱ्याने कोकणी अर्धा आणि झाडीचा अर्धा यांत फरक केला नाही. आबा छत्री घेऊन बांधावर उभे होते. त्यांना आत नेण्यासाठी दोन ऑपरेटर मुली लागल्या. पाणी ओसरल्यावर जे वाचलं ते कापलं, एक्सचेंजच्या ओसरीवर झोडपलं आणि पाखडलं. चटईवर जेमतेम दोन सुपं धान झालं.

धीवरणीला निरोप गेला होता. ती येईल याची कोणाला खात्री नव्हती. ती आली. पाय धुतले, ओसरीवर बसली आणि ढिगाकडे पाहिलं.

"इतकंच?"

"इतकंच," बाई म्हणाल्या.

"पान्यानं नेलं?"

"पाण्याने नेलं."

धीवरीण आबांकडे वळली. "बाबाजी, तुमी बी वरतं पाह्यलं मंग यंदा."

"मान मोडली माझी बघून बघून," आबा म्हणाले.

तिने पदर पसरला. बाईंनी त्यात एक सूप धान घातलं. तिने हाताने थोडं परत ढिगात ओढलं. "कमी आलं त वाटा कमी," ती म्हणाली. "आमचं बी यंदा पुरानं जाळं नेलं. लागन ते आनतो." आणि गेली.

किती दिवस गेले ते मी लिहून ठेवलं नाही. आदेशाची मुदत संपली नव्हती एवढं खरं. मी नागपूरची लाइन मिळण्याची वाट पाहत बसलो होतो. धीवरीण दारात आली आणि पळसाच्या पानांनी झाकलेली टोपली तिने थेट बोर्डाजवळ नेऊन ठेवली. पानं हलत होती. आत झिंगे जिवंत होते, निळसर हिरवे, लांब नांग्यांचे. बाईंनी कल्ला पाहिला नाही, पोट दाबलं नाही. एक झिंगा उचलला, रिसीव्हरशेजारी धरला आणि सिरोंचाची लाइन लावली.

"बोटभर कमी आहे," त्यांनी सांगितलं.

"खालचे मोठेच राहते मॅडम," पलीकडून उत्तर आलं.

त्या संध्याकाळी बाईंनी लाइनमनला आणि मला जेवायला थांबवलं. धीवरणीने सांगितलं होतं, मसाला घालू नका, हळद, मीठ, लसूण आणि थोडी अंबाडीची आंबट भाजी. बाईंनी तसंच केलं. भात एक्सचेंजमागच्या धानाचा होता. वाट्याला वाटीभर येईल एवढाच.

आबांनी घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत होतो. ते भाताबद्दल काही बोलले नाहीत. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग म्हणाले, "ह्या सुंगटान समुद्र बघलेलो आसा."

लाइनमन हसला. "आबाजी, समुद्र कुठी न् वैनगंगा कुठी! ह्यानं त वडशाचा पूल बी नसन पाह्यला."

"बघलेलो आसा," आबा म्हणाले आणि वाटी पुढे केली.

हे विधान तपासण्यासारखं होतं. मी मत्स्य खात्याच्या एका अधिकाऱ्याला विचारलं. त्याने सांगितलं की या जातीच्या झिंग्याची पिल्लं सुरुवातीला खारट पाण्यातच जगतात. गोदावरी समुद्राला मिळते तिथे ती वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध चढत गोदावरी, प्राणहिता आणि वैनगंगेत येतात. मी बातमी पाठवली. ती चार ओळींवर आली आणि बाजारभावांच्या खाली छापली गेली. आबांनी ती कापून बरणीवर चिकटवली. लाइनमनने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "म्हंजे हे बी तुमच्यावानीच, बाई. समुद्राकडून बदलीवर आलेले."

"फरक आहे," बाई म्हणाल्या. "ह्यांनी अर्ज केला नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेखालचा आदेश काढला आणि परत पाठवला.

बरणीत शेवटचा एक बांगडा उरला होता. धीवरीण पुढच्या वेळी आली तेव्हा आबांनी तो स्वतः निखाऱ्यावर भाजला आणि भाताबरोबर तिच्यापुढे ठेवला. समुद्राचा मासा तिने कधी खाल्ला नव्हता. तिने एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. आबा वाट पाहत होते.

"भात चांगला हाये, बाबाजी," ती म्हणाली.

आबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बरणी धुऊन उन्हात ठेवली गेली. पुढच्या मृगाला तिच्यात धानाचं बियाणं होतं.

१९८७ साली मला नागपूरच्या कार्यालयात बोलावून घेतलं. पुढच्या जुलैत एका बातमीची खात्री करायची होती म्हणून मी गडचिरोलीला ट्रंक कॉल लावला. बाईंनी आवाज ओळखला. बातमी खरी असल्याचं सांगितलं. आबा कसे आहेत, असं मी विचारलं.

"मागे आहेत. रोवणा चालू आहे. लाइनमनशी भांडतायत."

"आणि झिंगे?"

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या, आणि लाइन काढून घेतली.